औषधाला चॉकलेट म्हणू नका



आजचा लेख काही जणींना झोंबेल, पण लिहिणं भाग आहे. औषधाला खाऊ म्हणून मुलांना फसवणं आपल्या घरांतून बंद झालं पाहिजे.

आमच्या संत तुकाराम नगरात वायसीएम आहे, डी. वाय. पाटील आहे, त्यामुळे औषधांच्या दुकानांना तोटा नाही. कुठल्याही दुकानासमोर पाच मिनिटं उभ्या राहा. "चॉकलेट आहे बेटा, पी पटकन." "अगदी मँगो ज्यूस!" मूल बधलं नाही की, "थांब, डॉक्टरकाकांना मोठी सुई टोचायला सांगते." आधी आमिष, मग धाक, आणि दोन्ही खोटं.

"एवढ्याशा खोट्याने काय बिघडतं? त्याच्या भल्यासाठीच तर सांगतो," असं मला ऐकवलं जातं. बिघडतं ते सांगते.

पहिलं म्हणजे जिवाचा धोका. बाटलीत चॉकलेट आहे असं ज्याला आपणच पटवलं, ते मूल उद्या स्टुलावर चढून अख्खी बाटली पिईल. तापाचं औषधसुद्धा जास्त झालं तर लिव्हरवर जातं.

दुसरा साधा हिशेब. पाच दिवस, दिवसातून तीनदा, म्हणजे 15 डोस. खोटं पहिल्या डोसाला खपतं. जीभ कडू झाली की उरलेल्या 14 वेळा तोंड घट्ट बंद. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आपल्या पिंपरीत उभी राहिली, पेनिसिलिन इथे बनलं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अँटिबायोटिक पूर्ण द्यावं लागतं, हे इथल्या बायकांना मी काय सांगावं?

तिसरं धर्माचं. प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकं म्हणतो. दुसरं मृषावाद. आणि सतरावं? मायामृषावाद, म्हणजे कपट करून बोललेलं खोटं. समोरचा तीन वर्षांचा असेल तर चालतं, अशी सूट त्यात नाही. रविवारी त्याच मुलाला पाठशाळेत पाठवायचं आणि सोमवारी चमच्यात कपट घालून पाजायचं, हे कसं जमतं?

काही घरांत नाक दाबून ओततात. मूल श्वासासाठी धडपडतं आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुंगीला जपणाऱ्या घरात हे शोभत नाही.

आणि गोड म्हणजे चांगलं, हे कोणी शिकवलं? 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपमुळे वीसहून जास्त मुलं गेली. त्यात निघालेलं डायएथिलीन ग्लायकॉल हे विष चवीला गोड असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं देऊ नयेत, असं तेव्हा केंद्र सरकारनेही बजावलं. डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर गोड सिरप पाजण्याची घाईच नको.

मग पाजायचं कसं? खरं सांगून. "हे औषध आहे. कडू आहे. दोन घोट, मग पाणी." मुलाला मांडीवर ताठ बसवा, आडवं करू नका. बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. कपातून की सिरिंजने, एवढं त्याला निवडू द्या. माप बाटलीबरोबर आलेल्या कपाचंच, स्वयंपाकघरातल्या चमच्याचं नाही. दुधाच्या पूर्ण ग्लासात मिसळू नका. अर्धं दूध राहिलं की अर्धा डोस राहिला. एखाद्या चमच्यात मिसळायचं असेल तर दुकानदाराला विचारून, आणि मुलाला सांगून. गोळी कुटण्याआधीही विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. नंतर गुळाचा खडा द्या. मध आपल्याकडे वर्ज्यच आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तो डॉक्टरही देऊ देत नाहीत.

मूल रडेल. रडू दे. कडू लागल्यावर रडणं हा काही हट्ट नाही.

शेवटचं माझ्या वयाच्या बायकांसाठी. सून मुलाला खरं सांगून औषध पाजत असते आणि दारातून आपला आवाज येतो, "अगं, चॉकलेट आहे म्हण ना!" तेवढं गिळायला आपण शिकू या. सून दोन मिनिटं जास्त घेईल. पण पुढे कधी पोटात दुखलं, कोणी काही बोललं, तर ते मूल खरं सांगायला तिच्याकडेच येईल. आई आपल्याशी खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक असेल.