आधी पाना हातात घ्या!

मित्रांनो, आपण चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोकतो, पण होस्टेलच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांच्या चेन कोरड्या ठणठणीत! विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर्व्हिसिंगला टाकणार आहे."

जरूर टाका. पण बिल वाचता का? मागच्या महिन्यात माझ्या बिलात 'चेन लुब्रिकेशन'चे पैसे लावले होते, चेनवर धूळ मात्र तशीच! पैसे शेवटी बाबांचेच.

चेन साफ करून तिचा ताण बघणं, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑईल बदलणं, ही कामं आपली आपण करावीत. मॅन्युअलमध्ये सगळं दिलेलं असतं. (कॉन्व्हेंटमुळे 'पाना' हा शब्द मला गॅरेजमध्येच कळला, तरी जमतंय!) फक्त कारचं ऑईल बाईकमध्ये ओतू नका. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, चुकीच्या ऑईलने तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं बघून घ्या.

मात्र उगाच शहाणपणाही नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला बिघाड शोधायला बहुधा स्कॅनर लागतो. एबीएसचे ब्रेक अंदाजाने खोलू नयेत. वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिसही चुकवू नये.

थोडक्यात, विश्वास ठेवावा, पण आंधळा नको. ज्याने एकदा स्वतः ऑईल बदललंय, त्याला बिलातली थाप लगेच कळते. शनिवारी पार्किंगमध्ये या. पाने माझे, ऑईल तुमचं!