मोटिव्हेशन नको, हक्काचं बोला!

सध्या आपल्या वस्त्यांमध्ये एक नवा धंदा जोरात आहे. हॉल भाड्याने घ्यायचा, कोट घातलेला वक्ता आणायचा आणि बेरोजगार पोरांना सांगायचं, "तुमच्यात आग नाही, म्हणून तुम्ही मागे आहात. मानसिकता बदला, उद्योजक व्हा!" पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी येऊन स्वतःलाच दोष देतात.

मित्रांनो, या वक्त्यांना एकच प्रश्न विचारा. बाबासाहेबांमध्ये आग कमी होती का?

कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. धंदा बंद पडला. अर्थशास्त्राच्या त्या विद्वानाची बुद्धी कमी पडली नव्हती, जात आडवी आली होती.

आज खानावळ टाकायची म्हटली तर गाळ्याचा मालक आधी आडनाव विचारतो. बँक तारण मागते. भूमिहीनाच्या पोराने काय ठेवायचं? भांडवल म्हणजे फक्त पैसा नव्हे. बाजारपेठेतली पत, ओळख, उधारीवर माल देणारा मामा हेही भांडवलच. ज्यांना ते पिढीजात मिळालं, त्यांनी आम्हाला मानसिकता शिकवू नये.

मग धंदा करायचा नाही का? जरूर करायचा! पण कशासाठी, हे आपल्या इतिहासाला विचारून. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाच्या प्रश्नावर मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. वतनाच्या तुकड्यापायी आपला माणूस रात्री-अपरात्री गावाच्या हाकेला ओ देत होता. ती हाक नाकारता यावी, हाच आपल्या धंद्याचा हेतू. गावात मोर्चा निघाला तर मालक कामावरून काढेल, या भीतीने ज्याला घरात बसावं लागत नाही, तो खरा यशस्वी उद्योजक.

आणि एक इशारा आपल्यांनाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपल्याच वस्तीतल्या पोराला बारा तास राबवून निम्मी मजुरी देणार असाल, तर दुकानात बाबासाहेबांचा फोटो लावू नका.

टाळ्या पुरे, आता कागद हातात घ्या. २०१६ च्या 'स्टँड अप इंडिया' योजनेत प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका उद्योजकाला १० लाख ते १ कोटींचं कर्ज द्यावं, असं ठरलं होतं. तुमच्या भागातल्या सरकारी बँकेने किती जणांना दिलं? माहिती अधिकारात विचारा. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. एकटे जाऊ नका, दहाजण मिळून जा.

प्रेरणा विकत घ्यावी लागते ती गुलामांना. आपल्याला बापाने तीन शब्द दिलेत : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. दुकानही त्यातूनच उभं राहील.

जयभीम!