राष्ट्राचा गणवेश, मजुरीचा प्रश्न

देशाचा गणवेश अंगावर चढविला की माणूस कामगार उरत नाही. त्याचे श्रम ही सेवा होते आणि सेवेचे मोल मागणे हा कृतघ्नपणा ठरतो, असा एक समज क्रीडासंघटनांच्या चालकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. पुरुषांच्या बाबतीत व्यावसायिक खेळाच्या वाढीबरोबर तो बराचसा गळून पडला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो निष्ठेने पाळला गेला. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे तर ‘मानधन’ देणाऱ्या देशातील कार्यकर्त्यांना या शब्दच्छलाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला आइस हॉकी संघाने या समजावर जो घाव घातला, त्याचा विचार म्हणूनच क्रीडापानावर नव्हे, तर कामगार चळवळीच्या पानावर व्हावयास हवा.

त्या वर्षीची महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ३१ मार्चपासून मिशिगन राज्यातील प्लिमथ येथे भरावयाची होती. यजमान अमेरिका, आणि गतविजेतीही अमेरिकाच. १५ मार्च रोजी, स्पर्धेला अवघे सोळा दिवस उरले असताना, संघनायिका मेगन डगन व तिच्या सहकारी खेळाडूंनी जाहीर केले की, वेतन व सुविधा यांच्या प्रश्नावर खरीखुरी प्रगती झाल्याखेरीज संघ बर्फावर उतरणार नाही. हा उतावळेपणा नव्हता. वर्षाहून अधिक काळ बोलणी चालली होती, आणि ज्यांनी कधी मालकाशी वाटाघाटी केल्या आहेत त्यांना अशा बोलण्यांचा अर्थ ठाऊक आहे: चहा होतो, सहानुभूती व्यक्त होते, पुढची तारीख पडते.

प्रश्न काय होता? ‘यूएसए हॉकी’ ही राष्ट्रीय संघटना या खेळाडूंना ऑलिंपिकच्या आसपासचे सहा महिने दरमहा १,००० डॉलर देत असे. चार वर्षांच्या संपूर्ण ऑलिंपिक चक्रात ६,००० डॉलर. उरलेल्या साडेतीन वर्षांत जवळजवळ काहीच नाही. सराव मात्र बाराही महिने करावयाचा. संघातील सुमारे निम्म्या खेळाडू पोटासाठी दुसरी-तिसरी नोकरी करीत होत्या. हीच संघटना मुलांच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमावर वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलर खर्च करीत होती. मुलींसाठी त्या तोडीचे काही नव्हते. देशातल्या देशात सराव असेल तर दिवसाचा भत्ता स्त्रियांना १५ डॉलर, पुरुषांना ५० डॉलर. भूक लिंगभेद मानत नाही, ही साधी गोष्टही हिशेबनीसांच्या ध्यानी आली नव्हती.

संघटनेचे उत्तर वाचण्याजोगे होते. खेळाडूंना नोकरीवर ठेवणे हे आपले काम नव्हे आणि आपण ते करणारही नाही, असे तिच्या अध्यक्षांनी सांगून टाकले. जोडीला ८५,००० डॉलरचा आकडा पुढे करण्यात आला. ऑलिंपिकच्या तयारीच्या काळात प्रत्येक खेळाडूला एवढी रक्कम मिळू शकते, अशी ही मखलाशी. ‘मिळू शकते’ या दोन शब्दांत सारी गोम होती. त्या आकड्यात ऑलिंपिक समितीकडून येणारा पैसा आणि पदकाचे बक्षीसही धरलेले होते. म्हणजे शर्यत जिंकलीस तर तुला घोड्याच्या चंदीचे पैसे देऊ, असा हा व्यवहार! गिरणीमालकाने मजुराला सांगावे की तुला लॉटरी लागली तर तुझे उत्पन्न माझ्या व्यवस्थापकाएवढे होईल, त्यातला हा प्रकार. वास्तविक राष्ट्रीय क्रीडासंघटनांनी स्त्रियांच्या खेळाला न्याय्य प्रमाणात साहाय्य द्यावे, असे अमेरिकेच्या कायद्यातच नमूद आहे. पण कायदा पुस्तकात असतो आणि तिजोरीची किल्ली कार्यालयात असते.

यापुढे जे घडले तो या प्रकरणाचा गाभा होय. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ या शब्दामागे केवढा इतिहास आहे हे सांगणे नलगे. कायम कामगार गैरहजर राहिला की सकाळी दरवाजाशी उभ्या असलेल्या बदलीला आत घ्यावयाचे. आणि एकाची भूक दुसऱ्याच्या हक्कावर सोडावयाची, हे मालकांचे जुने हत्यार. यूएसए हॉकीने तेच उपसले. महाविद्यालयीन संघांतील खेळाडू, अठरा वर्षांखालील मुली, इतकेच नव्हे तर खालच्या पातळीवर हौसेने खेळणाऱ्या स्त्रिया, अशांना प्लिमथला खेळाल का, अशी विचारणा सुरू झाली. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूही स्वस्थ बसल्या नव्हत्या. ज्या ज्या मुलीला असे बोलावणे येण्याची शक्यता होती, तिच्यापर्यंत त्यांनी स्वतः पोचण्याची धडपड केली. एकामागून एक नकार येऊ लागले आणि कित्येकींनी ते उघडपणे जाहीर केले. 

या नकारांचे मोल नीट जाणले पाहिजे. सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलीने लहानपणापासून देशाच्या गणवेशाचे स्वप्न पाहिले, तिच्यापुढे तो गणवेश आयता धरला जातो. पुन्हा ही संधी येईल याची शाश्वती नाही. राष्ट्रीय संघातील जागा बळकावण्याचा आरोप चार दिवसांत विसरला जाईल, असे कानात सांगणारेही भेटतात. आणि ती मुलगी म्हणते, नाही. संपफोड्या बनण्यास नकार देणाऱ्या या मुलींपैकी बहुतेकींना तडजोडीतून स्वतःला तत्काळ एक डॉलरही मिळणार नव्हता. वर्गजाणीव ही केवळ कारखान्याच्या धुराड्याखालीच उगवते, असे मानणाऱ्या आपल्या पोथीनिष्ठ मित्रांनी या घटनेची नोंद घ्यावी.

हॉकी, बास्केटबॉल, बेसबॉल व फुटबॉल या खेळांतील पुरुष व्यावसायिकांच्या कामगार संघटनांनी पाठिंबा दिला. सोळा सिनेटरांनी संघटनेला पत्र धाडले. बदली संघ उभा राहीना, तिकिटे विकलेली, यजमानपद गळ्यात. २८ मार्च रोजी चार वर्षांचा करार झाला. खेळाडूंना वर्षभर वेतन, पुरुषांच्या बरोबरीने दैनिक भत्ता, प्रवास व विमा, आणि मुलींच्या खेळाच्या विकासाकडे पाहणारी समिती. ऑलिंपिक समितीचे साहाय्य धरून एका खेळाडूचे वार्षिक उत्पन्न ७०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. तीन दिवसांनी हाच संघ बर्फावर उतरला, आणि ७ एप्रिल रोजी जादा वेळेत हिलरी नाइटच्या गोलने कॅनडाला ३-२ असे हरवून त्याने अजिंक्यपद राखले. संपाने खेळाडूंचे लक्ष विचलित होते, असे म्हणणाऱ्यांची मोठीच पंचाईत झाली.

तरीही बाजारवाद्यांचा युक्तिवाद शिल्लक राहतोच. स्त्रियांचा खेळ पाहावयास कोणी येत नाही, म्हणून पैसा नाही. यात अन्याय कसला, हा तर मागणी-पुरवठ्याचा नियम! या नियमाची गंमत अशी की, तो मुलांना लागू होत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर वर्षाला ३५ लाख डॉलर खर्च होत होते ते काही त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटत होती म्हणून नव्हे. तेथे त्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात. मुलींचा प्रश्न निघाला की तोच खर्च उपकार ठरतो. आधी पेरावयाचे नाही, आणि मग शेत नापीक म्हणून पंचनामा करावयाचा!

या स्पर्धेचा इतिहासच या नापिकीची साक्ष देतो. पुरुषांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये १९२० साली आली. स्त्रियांची १९९८ साली, नागानो येथे. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत स्त्रिया खेळत नव्हत्या असे नाही. त्यांना मोजले जात नव्हते. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये ओटावाला झाली तेव्हा यजमान कॅनडाच्या खेळाडूंना गुलाबी-पांढरा गणवेश देण्यात आला. कॅनडाचा रंग लाल. पण स्त्रिया खेळणार म्हटल्यावर राष्ट्राचाही रंग फिका करण्यात आला. खेळापेक्षा नवलाई विकण्याचा तो उद्योग होता. अंतिम सामन्याला नऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. ते गुलाबी रंग पाहावयास आले असे क्षणभर मानले, तरी एप्रिल २०२४ मध्ये माँट्रिअल व टोरांटो यांच्या महिला व्यावसायिक संघांतील सामन्याला २१,१०५ लोक आले, त्याचे काय करावयाचे? प्रेक्षक पूर्वीही होते. त्यांच्यासाठी दार उघडलेले नव्हते.

दार केव्हाही बंद होऊ शकते, याचा प्रत्यय महामारीत आला. २०२० ची स्पर्धा कॅनडातील हॅलिफॅक्स व ट्रुरो येथे होती. ती रद्द झाली. त्या वेळी साऱ्या जगाचाच व्यवहार ठप्प होत होता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. २०२१ च्या मे महिन्यात त्याच ठिकाणी ती पुन्हा ठरली आणि संघ येऊन पोचण्याच्या ऐन तोंडावर, २१ एप्रिल रोजी, नोव्हा स्कोशिया प्रांताच्या सरकारने परवानगी काढून घेतली. सरकारला साथीची चिंता असेल. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्याच एप्रिलअखेर टेक्सासमध्ये अठरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरली आणि मे महिन्यात रिगा येथे पुरुषांचीही भरली. मुलांसाठी व पुरुषांसाठी व्यवस्था उभारता येते, आणि स्त्रियांसाठी पर्यायी जागाही हाताशी ठेवली जात नाही, याचे उत्तर विषाणूने द्यावयाचे की आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने? शेवटी ती स्पर्धा ऑगस्टमध्ये कॅलगरीला झाली. ऑलिंपिकच्या वर्षी स्त्रियांची वरच्या गटाची जागतिक स्पर्धा घ्यावयाचीच नाही, हा प्रघात तर २०२२ पर्यंत चालला होता. पुरुषांना त्याच वर्षी दोन्ही स्पर्धा पेलत होत्या.

पक्षाच्या वर्तुळातूनच एक आक्षेप ऐकू येतो, त्याची दखल घेतली पाहिजे. हा श्रीमंत देशांतील सुखवस्तू मुलींचा खेळ. यंत्राने बर्फ तयार करावयाचा आणि महागडी साधने बांधून त्यावर घसरावयाचे. शेतमजूर स्त्रीच्या प्रश्नापुढे याची काय मातब्बरी? आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. खेळ महाग आहे, आणि २०२५ पर्यंतच्या सर्व जागतिक स्पर्धांची अजिंक्यपदे अमेरिका व कॅनडा या दोनच देशांकडे गेली आहेत, यामागे पैशाचे कारण मोठे आहे. पण लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ शिकल्या. २०१६ मध्ये तैपेईला भारताचा महिला संघ प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपीन्सवर पहिला विजय मिळाला. परदेशी जाण्यासाठी या संघाला लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला होता. २०२५ मध्ये अल ऐन येथील आशिया कप स्पर्धेत याच संघाने कांस्यपदक आणले. या मुलींना सुखवस्तू म्हणण्याचे धाडस आक्षेपकांनी लेहच्या हिवाळ्यात जाऊन करावे.

समाजवादी कल्याणाची भूमी म्हणून ज्या स्वीडनचे दाखले व्यासपीठावरून दिले जातात, तेथेही चित्र वेगळे नव्हते. त्या देशाच्या महिला संघाने २००६ साली ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले होते. २०१९ साली तो जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातून खाली घसरला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिबिरासाठी बोलाविलेल्या ४३ खेळाडूंनी संघटनेला कळविले की त्या येणार नाहीत. बुडणाऱ्या रोजगाराची भरपाई नाही, पुरेसा विमा नाही, आणि कपडे पुरुषांच्या मापाचे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. फिनलंडमधील पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतून स्वीडनला माघार घ्यावी लागली, आणि ऑक्टोबरमध्ये समझोता झाला. कल्याणकारी राज्यातही हक्क टपालाने घरी येत नाही.

याचा अर्थ सारे काही साध्य झाले असा नव्हे, आणि आंधळा जयजयकार तर मुळीच नको. कॅनडातील महिला लीग २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी, जगण्याजोगे वेतन देणारी लीग उभी राहीपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये खेळणार नाही, असा पवित्रा घेतला. त्यातून जानेवारी २०२४ मध्ये नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. पण तिचे स्वरूप पाहावे. सगळे संघ एकाच धनिकाच्या गटाच्या मालकीचे. दुसरी प्रतिस्पर्धी लीग २०२३ मध्ये विकत घेऊन बंद करण्यात आली आणि तेथील खेळाडूंचे करार एका फटक्यात रद्द झाले. पहिल्या हंगामात किमान वेतन ३५,००० डॉलर होते. बोस्टन वा न्यूयॉर्कच्या घरभाड्यापुढे ही रक्कम किती दिवस टिकते, याचा हिशेब अवघड नाही. एका मालकाशी वाद झाला तर दुसऱ्याकडे जाण्याची सोयच येथे ठेवलेली नाही, कारण दुसरा मालक नाही. भांडवलाने स्त्रियांचा खेळ स्वीकारला तो मक्तेदारीच्या अटीवर. मात्र एक गोष्ट मालकांच्या सोयीने झालेली नाही. खेळाडूंची युनियन आणि तिचा २०३१ पर्यंतचा सामूहिक करार, ही दोन्ही जुलै २०२३ मध्येच, म्हणजे पहिली चकती बर्फावर पडण्याच्या सहा महिने आधी, कागदावर आलेली होती.