कलेच्या मांडवात स्वमग्न मुलांनाही जागा हवी

स्वमग्न मूल घरात असणाऱ्या आईला नाटक-सिनेमाचे तिकीट काढताना सर्वांत जास्त भीती कोणाची वाटत असेल, तर ती शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची. मूल मध्येच मोठ्याने बोलेल, हात फडफडवेल, उठून चालू लागेल, एकदम मोठा आवाज झाला की कानांवर हात दाबून किंचाळेल. मग मागून शुकशुक सुरू होते. "असल्या पोराला आणता कशाला?" असे कोणीतरी विचारतो आणि डोअरकीपर बॅटरीचा झोत तोंडावर मारून बाहेरचा रस्ता दाखवतो. असे एकदा घडले की ते कुटुंब पुन्हा नाट्यगृहाची पायरी चढत नाही. पुढे लग्न, हळद, बारसे यांनाही जाणे बंद होते. कायद्याची बंदी नाही, दारावर पाटी नाही, तरीही प्रवेश नाही! न लिहिलेली बंदी कशी असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हे वेड नव्हे, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. यातल्या काही मुलांना आवाज, उजेड, स्पर्श इतरांपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो, काहींना फार कमी. काही मुले बोलत नाहीत, काही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, ठरलेला क्रम बिघडला की कासावीस होतात. मराठीने दिलेला 'स्वमग्न' हा शब्दच मुळात फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, पोर आपल्याच नादात आहे, त्याला जगाशी देणेघेणे नाही. प्रत्यक्षात अनेकदा जगच त्याच्यावर इतके आदळत असते की ते बिचारे कान झाकून घेते. पण शब्द रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो. आणि मागल्या जन्मीचे पाप, बाहेरची बाधा, आईचे दुर्लक्ष ही कारणे सांगणाऱ्यांना आमच्या वस्त्यांत थारा मिळता कामा नये. पूर्वजन्माच्या पापाचा हिशेब आमच्या मागच्या पिढ्यांनाही असाच मांडून दाखवला गेला होता!

अशा मुलासाठी सरकारकडे काय मागायचे, असे विचारले तर लोक दाखला, पेन्शन, शाळा यांची नावे घेतात. ते मागितलेच पाहिजे. परंतु कला? पोटाला नाही आणि नाटक कशाला, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा उघडून पाहावा. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात ती आहे. याच कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. कला दिव्यांगांना उपलब्ध करून देणे, नृत्य व चित्रकलेच्या वर्गांत त्यांचा सहभाग सुकर करणे, कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना भाग घेता येईल अशी फेरमांडणी करणे, ही कामे या कलमाने सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहेत. म्हणजे ही दया नव्हे, कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे.

पण जबाबदारी पार पाडताना सरकारला स्वमग्न मूल दिसतच नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती ऐकू न येणाऱ्या आणि दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी आहेत. पडद्यावर अक्षरे, कानात वर्णन, हे सारे स्वागतार्हच. मात्र ज्याला ऐकूही येते आणि दिसतेही, आणि तेच सोसवत नाही, त्या मुलाचे काय? रॅम्प बांधला की सुगमता संपली, असे समजणाऱ्या अधिकाऱ्यांकडून वेगळी अपेक्षा तरी काय करायची!

दुसरीकडे हे अशक्य नाही हे सिद्ध झाले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी 'द लायन किंग' या संगीत नाटकाचा एक प्रयोग खास स्वमग्न मुले आणि त्यांच्या कुटुंबांना समोर ठेवून झाला. अंगावर येणारे आवाज कमी केले, डोळ्यांवर लपलपणारे दिवे काढले, प्रेक्षागृहात पूर्ण काळोख केला नाही, बाहेरच्या दालनात शांत कोपरा ठेवला आणि मुलांना सांभाळून घेणारे स्वयंसेवक नेमले. कथा तीच, नट तेच. इंग्लंडमध्ये अशा खेळांना रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात. आपण 'मोकळा प्रयोग' म्हणू. नाटकाआधी घरी एक छोटी चित्रपुस्तिका देतात. दार असे दिसेल, खुर्ची अशी असेल, इथे टाळ्या वाजतील, इथे मोठा आवाज होईल, हे मुलाला आधीच कळते. अचानकपणाची धास्ती कमी होते. या साऱ्याला पैसा लागतो तो किती? छपाईची चार पाने आणि ध्वनियंत्रणेवरच्या माणसाला दिलेली एक सूचना.

आणि ही मोकळीक काही परदेशातून आणायची वस्तू नाही. अंधारात, श्वास रोखून, मूर्तीसारखे बसून नाटक पाहण्याची रीत मुळात बंदिस्त नाट्यगृहाची. आमचा सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, गावकुसाबाहेर रंगलेला तमाशा कधी असा पाहिला गेला? बाया कडेवर पोर घेऊन उभ्या असत, म्हातारी घोंगडी अंथरून बसे, पोरे मध्येच उठून पळत, पुन्हा येत, शाहिराला मोठ्याने दाद जाई, प्रश्नही जाई. कोणी कोणाला शुकशुक केले नाही. भीमराव कर्डकांचा जलसा ऐकायला जमलेल्या गर्दीत हात फडफडवणारे, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारे पोर नसेलच, असे कोण म्हणेल? त्याला तेव्हा नाव नव्हते, पण जागा होती. शिस्तीच्या नावाखाली ती जागा गेली ती नंतर.

सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूंबद्दल तर वादच नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुली करा, असा तो ठराव. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये झाला. पुण्या-मुंबईत महापालिकांनी नाट्यगृहे बांधली, काहींना लोकशाहीर अण्णाभाऊंचे नाव दिले. ती करदात्यांच्या पैशाची आहेत, आणि घरकाम करणारी बाईसुद्धा साबण विकत घेताना कर भरते. मग तिच्या पोराला आत जागा का नाही? प्रत्येक महापालिका नाट्यगृहात महिन्यातून एक मोकळा प्रयोग सक्तीचा करावा, बालनाट्याच्या संस्थांना त्या दिवसाचे भाडे माफ करावे, ही मागणी आपल्या नगरसेवकांनी लेखी मांडली पाहिजे.

एक शंका रास्त आहे. ही पुन्हा वेगळी पंगत तर नव्हे? होय, फक्त 'त्यांच्यासाठी' प्रयोग ठेवला तर वेगळी पंगतच होईल. म्हणून मोकळ्या प्रयोगाचे तिकीट कोणालाही मिळावे. तान्हे पोर असलेली आई येईल, दम लागणारे आजोबा येतील, शाळेतली इतर पोरे येतील. फक्त त्या दिवशी नियम वेगळा असेल, आणि ज्याला शांततेत नाटक पाहायचे आहे त्याला महिन्याचे उरलेले प्रयोग आहेतच.

पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते स्वतः करणे. लंडनचा स्टीफन विल्टशायर हा कॅरिबियन स्थलांतरित कुटुंबात १९७४ मध्ये जन्मलेला स्वमग्न मुलगा. लहानपणी बोलत नव्हता. त्याच्या विशेष शाळेतल्या शिक्षकांनी पाहिले की त्याला चित्रांचा ध्यास आहे. ते मुद्दाम चित्रांचे साहित्य थोडा वेळ काढून घेत, म्हणजे त्याला ते मागावे लागे. त्यातून त्याच्या तोंडून शब्द आला तो 'पेपर', कागद! पुढे हेलिकॉप्टरमधून एकदा शहर पाहून ते स्मरणाने कागदावर उतरवणारा चित्रकार म्हणून तो जगभर गाजला. यातून प्रत्येक स्वमग्न मूल छुपे प्रतिभावंत असते असा अर्थ कोणी काढू नये. बहुतेक मुले तशी नसतात, आणि नसली तरी त्यांचा कागदावरचा हक्क कमी होत नाही. संगीताने, रंगांनी स्वमग्नता 'बरी' करून देतो म्हणणाऱ्या दुकानदारांपासूनही सावध राहावे. कला हे औषध नव्हे. आपल्या प्रश्नात महत्त्वाचे आहे ते एवढेच की स्टीफनला कागद देणारी शाळा होती, शिक्षक होते.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असलेल्या शाळेला कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक ठरवून दिला आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेत तो आहे का, असल्यास स्वमग्न मुलाला त्याच्या तासाला बसू देतात का, की ते पोर तेवढा वेळ व्हरांड्यात असते, एवढे पालकांनी जाऊन विचारावे. खाजगी थेरपीला नेणारी आई आठवड्यातून दोन दिवसांची मजुरी बुडवते. शाळेतल्या तासाला तिला काही बुडवावे लागत नाही.

आता थोडे आपल्या अंगणात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. गणेशोत्सवाच्या भिंतींवर आपण बोट ठेवतो, पण भीमजयंतीच्या डीजेपुढेही हीच मुले पलंगाखाली जाऊन बसतात. दाराशी बाबासाहेबांची मिरवणूक आलेली असताना आई पोराचे कान दाबून आत बसते. मी एका वस्तीत असे पोर पाहिले, जे डीजेला किंचाळत होते आणि दुसऱ्या दिवशी गायन पार्टीची ढोलकी लागली तेव्हा स्टीलच्या डब्यावर नेमका तोच ठेका धरत होते. त्याला आपले गाणे नको होते असे नाही, त्याला भिंत नको होती.

जयंती मंडळांच्या बैठका मार्चमध्ये सुरू होतात. यंदा कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ वाढवावी: १३ एप्रिल, सकाळी दहा ते अकरा, विहारात ढोलकी-पेटीवर भीमगीते, लाउडस्पीकर नाही, मुलांना फिरायला मोकळी जागा, एका खोलीत सतरंजी, कागद आणि रंग. आणि ज्या घरांची दारे मिरवणुकीत बंद असतात, तिथे कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशी स्वतः निमंत्रण घेऊन जावे.