मोजलेलें आणि मानलेलें

उत्तर काय यावयाचें तें पुस्तकांत आधीं पाहून, मग त्याला जुळतील असे आंकडे प्रयोगवहींत भरण्याची संवय आपल्यापैकीं पुष्कळांना जडलेली आहे. "उत्तर बरोबर आहे ना? मग झालें!" असें तिचें समर्थनहि केलें जातें. ही संवय विज्ञानाच्या मुळावर घाव घालणारी आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मुंबईच्या शास्त्रज्ञांचें एक उदाहरण देतों.

मुंबईस कुलाबा येथें टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील 'पेलेट्रॉन' नांवाचें यंत्र 1 कोटी 40 लक्ष व्होल्टपर्यंतच्या दाबानें आयनांस, म्हणजे विद्युद्भारित अणूंस, विलक्षण वेग देतें. ऋणभारित आयन यंत्राच्या मध्याकडे ओढले जातात. तेथें कार्बनच्या पातळ पापुद्र्यांतून जातांना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात, आणि धनभारित झालेले तेच आयन पुढें जोरानें ढकलले जातात. असा आयन एखाद्या रेणूवर आदळला किंवा त्याच्या निकटून गेला, कीं रेणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तो कोणत्या दिशेनें व किती ऊर्जेनें निघाला, हें तेथील शास्त्रज्ञ मोजतात.

हायड्रोजनच्या रेणूंत दोन अणू असतात. एका सेंटीमीटरचे साडेतेरा कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढें त्यांच्यामधील अंतर! संथ तळ्यांत दोन खडे जवळजवळ टाकले, तर दोहोंच्या लाटा मिळून पाणी कोठें अधिक उचंबळतें, तर कोठें स्थिर राहतें. प्रकाशाचेंहि असेंच होतें, हें थॉमस यंग यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दाखविलें. इलेक्ट्रॉनहि लाटेप्रमाणें वागतो. मग या जोडअणूंतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येंत तसाच चढउतार दिसावयास नको काय?

2001 सालीं फ्रान्समधील एका प्रयोगांत तो दिसला. परंतु तो फार अंधुक असतो. दोन सुटे अणू किती इलेक्ट्रॉन देतील, त्या संख्येशीं तुलना केल्यावांचून तो उघड होत नाहीं. आणि ती संख्या त्या वेळीं गणितावरून घेतलेली होती. 2004 सालीं दीपंकर मिश्रा, लोकेश त्रिबेदी व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुट्या हायड्रोजन अणूंतून निघणारे इलेक्ट्रॉनहि प्रत्यक्ष मोजले होते. हायड्रोजनचे अणू स्वभावतः जोडीनें राहतात. त्यांस एकेकटे करणें सोपें नव्हे. गणित हाताशीं असतां हा खटाटोप कशाला, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. मोजलेल्याची तुलना मोजलेल्याशीं केली, तेव्हां चढउतार दिसला आणि त्याला दुप्पट आधार मिळाला.

"याचा उपयोग काय?" असें कोणी पालक विचारतील. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे. कर्करोगाच्या गांठीवर वेगवान आयन सोडले, म्हणजे पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पेशींचा नाश घडविण्यांत त्यांचाहि वांटा असतो. नव्या मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्रानें 2023 सालीं प्रोटॉनांचे असे उपचार सुरू केले आहेत. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचाच आयन. कुलाब्याच्या शास्त्रज्ञांनीं पाण्याच्या बाष्पावरहि आयनांचे प्रयोग केलेले आहेत. रोग्याला द्यावयाची मात्रा शेवटीं अशा आंकड्यांवरच उभी असते. तेथें कोणी उत्तर पाहून आंकडे भरले, तर किंमत कोण देईल?

आपल्या धारूरांत पेलेट्रॉन नाहीं. परंतु दोरी, दगड व घड्याळ प्रत्येक घरीं आहे. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढतांना 9.8 ऐवजीं 9.2 आलें, तर 9.2 च लिहा आणि चूक कोठें झाली तें शोधा. पालकांनीं "गुण किती?" याबरोबरच "आज काय मोजलेंस?" हेंहि विचारावें, आणि प्रामाणिक आंकड्याचे गुण आम्हां शिक्षकांनीं कधींहि कापूं नयेत. जुळवून आणलेल्या शंभर उत्तरांपेक्षां स्वतः मोजलेलें एक चुकलेलें उत्तर अधिक शिकवून जातें.