प्रत्येक पांढरा दगड म्हणजे गारगोटी नव्हे!



सहावीतल्या एका मुलाने विहिरीच्या कामावरून एक काळा दगड आणला होता. त्यातल्या पोकळीत पांढरेशुभ्र, चमकदार स्फटिक होते. "सर, हे काय?" मी म्हणालो, "गारगोटी आहे, बस खाली." आज त्या उत्तराची लाज वाटते. तो दगड म्हणजे एक जुना थर्मामीटर होता आणि मी तो न वाचताच परत दिला.

खडकांचा पाठ आपण कसा शिकवतो? अग्निज, स्तरित, रूपांतरित असे तीन कप्पे. रूपांतरित म्हटलं की संगमरवर, नीस, स्लेट. मुलं पाठ करतात. मग आपण सांगतो, "आपल्याकडे सगळा बेसॉल्ट, म्हणजे अग्निज." विषय संपला. रूपांतरण म्हणजे कुठेतरी लांब घडणारी गोष्ट, असं मुलांच्या मनात बसतं.

पण जालन्याचा दगड नीट बघा. भोकरदन-जाफराबादकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या बाजूला जा किंवा गावातलीच विहीर बघा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे वरच्या थरांखाली दबलेल्या खडकातून गरम पाणी झिरपलं, त्याने खडकातली द्रव्यं विरघळवली आणि पोकळ्यांत नवी खनिजं तयार झाली. विहीर खोदणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातली बरीचशी पांढरी खनिजं झिओलाइट गटातली असतात.

खडक न वितळता त्यात नवी खनिजं तयार होणं ही रूपांतरणाची अगदी पहिली पायरी. हे तापमान कसं ओळखतात? आइसलँडमध्ये उष्ण पाण्याच्या भागात खोल बोअर घेऊन कोणत्या तापमानाला कोणतं झिओलाइट सापडतं ते पाहिलं गेलं. चाबाझाइट साधारण 70 अंश सेल्सिअसच्या खाली, स्टिल्बाइट 100 च्या आसपास, लोमोंटाइट साधारण 110 ते 230 अंशांदरम्यान. 1960 मध्ये जॉर्ज वॉकर या भूशास्त्रज्ञाने आइसलँडच्या डोंगरांत झिओलाइटचे पट्टे नोंदवले आणि त्यावरून आज झिजून गेलेला लाव्हाचा थर पूर्वी किती जाड होता, याचा अंदाज बांधला. म्हणजे जो डोंगर आता नाही, त्याची उंची दगडातल्या स्फटिकांनी सांगितली!

मात्र एका स्फटिकावरून निकाल द्यायचा नाही. पाण्यात कोणते क्षार होते, सिलिका किती होती, यावरही खनिज ठरतं. म्हणून एकाच पोकळीत कोणकोणती खनिजं सोबत आहेत आणि कोणतं आधी, कोणतं नंतर बसलं, हे पाहावं लागतं. मला तर हाच खरा धडा वाटतो. एक पुरावा पुरत नाही, चार पुरावे जुळवावे लागतात.

काहीजण म्हणतील, "सर, सहावीच्या पोराला हे कशाला? परीक्षेत येत नाही." नावं पाठ करून घेऊच नका. तीन साध्या चाचण्या करू द्या. दगडाने बाटलीच्या काचेवर ओरखडा उठला, तर ती गारगोटी असण्याची शक्यता जास्त. चुरा करून त्यावर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, तर कॅल्साइट. दोन्ही झालं नाही आणि खिळ्याने ओरखडा पडला, तर झिओलाइट असू शकतं. मग कोणता दगड कुठून, किती खोलीवरून आणला, हे वहीत लिहायला लावा. काच हाताळताना आणि चुरा करताना मोठं माणूस सोबत हवं, आणि मुलांना विहिरीच्या काठावर जाऊ देऊ नका. बाहेर पडलेल्या ढिगातले दगड पुरेसे आहेत.

महाराष्ट्रातले झिओलाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. सिन्नरला त्यांचं संग्रहालय आहे. आणि आपल्या शाळेच्या कपाटात? बहुतेक वेळा विकत आणलेला संगमरवराचा तुकडा.

पालकहो, मुलाने खिशातून दगड आणला तर "टाक तो बाहेर" म्हणू नका. आणि शिक्षकांनो, उत्तर येत नसेल तर "आपण शोधू" म्हणा. मी त्या दिवशी एवढं जरी म्हणालो असतो, तरी पुरे होतं.