तंतू परका, विद्या आपली



कार्बन तंतू आयात होतो, म्हणून ‘तेजस’ या लढाऊ विमानाला स्वदेशी म्हणू नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला अन्यायाचे वाटते. तंतू विकत मिळतो. त्याचे थर कोणत्या दिशेने रचायचे, ऑटोक्लेव्ह भट्टीत उष्णता आणि दाब किती ठेवायचा, थरांमधली पोकळी विमान उडण्याआधी कशी हुडकायची, ही विद्या मात्र सहसा कोणी देत नाही. ती बंगळुरूत नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांनी मिळून कमावली. शेपटीचा उभा पंख आणि सुकाणू नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडवले. तंतूही इथेच व्हावा, ही पत्रलेखकांची मागणी रास्तच आहे. पण तेवढ्यासाठी या तीन संस्थांचे कष्ट पुसू नयेत. त्या कष्टांमुळेच ‘तेजस’च्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्रे, म्हणजे अशा तंतूंच्या थरांतून घडवलेले साहित्य, आहे.

– एक वाचक, नाशिक